करून आणायचा ‘पिक अप’

सेलूत जिनिंगच्या रस्त्यानं नुसतं चालत गेलं तरी घरी येईपर्यंत केसांत कापूस बसलेला असतो. आपण वेचायला गेलेलो नसतो, कुणी दिलेलाही नसतो. किश्श्यांचं अगदी तसंच आहे. मी मोंढ्यामागं, म्हणजे शेतमालाच्या बाजारामागं, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, एवढाच माझा गुन्हा. किस्से जमवायला म्हणून मी कधी घराबाहेर पडले नाही. ते जिना चढून माझ्याकडं येतात!

सकाळी कॉलेजची पोरं असतात. ती शहाणी. सांगितलं तेवढंच करतात, त्यामुळं त्यांचा सांगण्यासारखा एकही किस्सा नाही. संध्याकाळची बॅच मात्र मोठ्या माणसांची. त्यात बोरीचा दत्ता. शेती आहे, शिवाय स्वतःची पिकअप गाडी आहे, सीझनला कापूस घेऊन सेलूला येतो. त्याचं नाव क्लासला त्याच्या बायकोनं घातलं. कारण विचारलं तर ती म्हणाली, “मॅडम, संध्याकाळचं घरी लय बोलतेत. इंग्रजीत तरी कमी बोलतील!”

दुसरे फय्याजभाई. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. आणि तिसऱ्या मंगलताई, पालमच्या माहेरवाशीण, सेलूत दिलेल्या, एसटीत कंडक्टर. त्या इंग्रजी का शिकतात? एकदा गाडीत एक कॉलेजची पोरगी त्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि मागची दोन बाकं हसली. “काय म्हणली ते मला अजून ध्यानात हाय. अर्थ तेवढा लावायचाय,” मंगलताई सांगतात. ते वाक्य काय, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. म्हणतात, “माझं मी लावते.”

* * *

‘पिक अप’ कसं सुरू झालं ते सांगते.

मी फळ्यावर शब्द लिहिला आणि म्हटलं, उद्या वाक्य करून आणा. दुसऱ्या दिवशी तिघांचंही वाक्य एकच, ‘रामू पिक्स अप द स्टोन.’ गाइडमधलं.

“कोण हा रामू?” मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

“दगड कामून उचलतोय?”

फय्याजभाई म्हणाले, “मॅडम, तो पोरगाच तसला असंल.”

मला राग आला. ज्या रामूला कुणी पाहिलेलं नाही, त्यानं न उचललेल्या दगडावर कुणाचं इंग्रजी सुधारलंय? त्याच दिवशी मी नियम केला. वाक्य रचून आणायचं नाही, करून आणायचं! आधी तो अर्थ स्वतः जगायचा, मग इंग्रजीत सांगायचा, आणि सोबत एक साक्षीदार. मग मी फळ्यावर त्या माणसाच्या नावापुढं खडूनं खूण करणार.

दत्ता हात वर करून म्हणाला, “मग माझी खूण आत्ताच करा. पिकअप खाली उभी हाय!”

* * *

डिक्शनरी उघडली तेव्हा मलाच धक्का बसला. ‘पिक अप’चे अर्थ पानभर पसरलेले! जमिनीवरून वस्तू उचलणं. कुणाला तरी घ्यायला जाणं. कुणी न शिकवता शिकणं. फोन घेणं. वेग वाढणं. बाजार सुधारणं. आजार लागणं. पोलिसांनी माणूस नेणं. एवढासा शब्द, आणि किती घरं फिरून आलाय!

पण खरी गंमत मंगलताईंनी दाखवली. त्या बोटांवर मोजत बसल्या होत्या. “मॅडम, आपण पण फोन उचलतोच की. उशीर झाला तर पाय उचल म्हणतो. लेकरू भाषा लवकर उचलतं. बाजार उचल खातो. आन् पोलिस तर उचलतेतच!”

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. सातासमुद्रापलीकडची भाषा आणि आपली, दोघींची कधी भेटगाठ नाही, आणि दोघींना उचलण्याबद्दल एकच सुचावं? हे कसं झालं असेल, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “जेवताना नको.”

पोलिसांचा अर्थ मात्र मी फळ्यावरून पुसून टाकला. म्हटलं, हा करून आणायचा नाही.

दत्ता हळूच म्हणाला, “साक्षीदाराची सोय आपोआप झाली असती, मॅडम. हवालदार!”

* * *

दत्तानं ‘घ्यायला जाणे’ हा अर्थ निवडला. पण बोरीला रेल्वेनं येणार कोण? कुणी येणारं नव्हतं. मग त्यानं काय केलं? लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी केला नव्हता तो फोन केला. सासूबाईंना! “या की चार दिवस. सेलूच्या स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येतो.”

सासूबाईंना खरंच वाटेना. त्यांनी आधी लेकीला फोन करून विचारलं, जावयाची तब्येत बरी आहे ना?

ठरल्या दिवशी दत्ता धुतलेली गाडी घेऊन स्टेशनवर. पुढच्या सीटवर नवी चादर. सासूबाई उतरल्या, दत्तानं बॅग उचलली, आणि घरी न नेता त्यांना तडक माझ्या क्लासचा जिना चढायला लावला. साक्षीदार पाहिजे ना!

“मॅडम, आय पिक्ड अप माय सासू!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, टाळ्या त्यांच्यासाठीच आहेत. दत्ताच्या बायकोनं तर मला पेढे पाठवले.

सासूबाई पोळ्याला आल्या होत्या. गणपती झाले. दसरा झाला. दिवाळीचं फराळाचं ताट घेऊन दत्ता क्लासला आला, सगळ्यांना दिलं, आणि माझ्यापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, एक विचारू का? ते ‘ड्रॉप’ कवा शिकवणार?”

* * *

आजार लागण्याच्या अर्थाला कुणीच हात लावेना. मग एके दिवशी फय्याजभाई रुमाल नाकाला लावून, पण अगदी खुशीत आले. “मॅडम, आय हॅव पिक्ड अप अ कोल्ड. फ्रॉम दत्ता. साक्षीदार दत्ता.”

खूण केली. करावीच लागली.

दुसऱ्या दिवशी बघते तर दत्ता आणि मंगलताई फय्याजभाईंना चिकटून बसलेले. दत्ताचं म्हणणं, “माझी सर्दी मी यांना दिली, पण ती मी घरून आणली होती. ती काय पिक अप न्हवं. आता यांच्याकडून परत घेतो.”

आठवडाभर सगळी बॅच शिंकत होती. फळ्यावर सगळ्यांच्या नावापुढं खुणा. आणि खूण करणारी मीच घरी, वाफ घेत.

* * *

मंगलताईंनी ‘न शिकवता शिकणे’ घेतलं होतं. त्यासाठी त्या गाडीत इंग्रजी बोलायला लागल्या. पालमच्या गाडीत! “मूव्ह टू द बॅक प्लीज.” “होल्ड द रॉड.” “चेंज प्लीज, चेंज.” लोक आधी घाबरले. एक म्हातारी तर तिकीट हातात धरून म्हणाली, “माय, मी काय केलं गं?”

मंगलताईंचा हेतू असा की बोलता बोलता आपल्याला येईल. झालं भलतंच. रोज त्याच गाडीनं येणारे एक म्हातारे होते, पांढरं धोतर, हातात दुधाची किटली. आठवड्याभरात मंगलताईंच्या आधी तेच ओरडायला लागले, “मूव टू बॅक! होल रॉड! ए पोरा, चेंज पिलीज!” मंगलताई तिकिटं फाडायच्या आणि म्हातारबा गाडी चालवल्यासारखी सगळी माणसं मागं सरकवायचे.

त्यांना घेऊन मंगलताई क्लासला आल्या. “मॅडम, हा बगा पुरावा. माझी खूण करा.”

मी खडू उचलला, तोच म्हातारबा पुढं झाले. “थांबा बाई. बोलल्या ह्या. न शिकवता शिकलं कोण?”

“तुम्ही,” मी म्हटलं.

“मग खूण कुणाची?”

वाद झाला. डिक्शनरी काढली. निकाल म्हातारबांच्या बाजूनं लागला. क्लासला एक दिवस न येता, एक अक्षर न लिहिता, माझ्या फळ्यावर त्यांचं नाव आहे आणि नावापुढं खूण आहे. जाताना दारात वळून आम्हालाच म्हणाले, “होल रॉड!” जिन्याचा कठडा खरंच हलत होता.

* * *

आता अप्पांचं सांगते. हे मी हसत हसत सांगायला घेते खरी, पण दरवेळी मध्येच माझा आवाज बदलतो.

अप्पा म्हणजे मोंढ्यातले सरकी-पेंडीचे व्यापारी. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, बोलण्याआधी “शिवा शिवा.” अप्पांनी शब्द दिला की मोंढ्यात पुढं कुणी काही विचारत नाही. बायको लवकर गेली. एकच लेक, गिरिजा. अप्पांनी एकट्यानं वाढवली. तिची वेणीसुद्धा दुकान उघडायच्या आधी तेच घालायचे. त्या गिरिजानं पुण्यात स्वतःच्या मनानं लग्न केलं. अप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि चार माणसांसमोर म्हणाले, “आजपासून तुझ्याशी एक शब्द बोलणार न्हाई.”

रागात म्हटलेलं असतं ते. पण शब्द अप्पांचा होता.

तेव्हापासून गिरिजा रोज संध्याकाळी फोन करते. अप्पा उचलत नाहीत. कटही करत नाहीत, आवाजही बंद करत नाहीत. फोन गादीवर समोर ठेवतात आणि पूर्ण वाजू देतात. वाजतो तोवर गिऱ्हाईकसुद्धा बोलत नाही. थांबला की अप्पा म्हणतात, “बरी हाय,” आणि पुन्हा तराजूकडं वळतात. एक रिंग, तीसुद्धा एकदाच. बापलेकीचं एवढंच बोलणं.

ते अप्पा एके दिवशी माझा जिना चढून आले. “मॅडम, फोनवर बोलता येईल एवढं इंग्रजी शिकायचंय. जास्ती नको.”

मला वाटलं, बाहेरच्या पार्टीशी बोलायचं असेल. मी बसवून घेतलं.

* * *

अप्पा हुशार निघाले. खाली पडलेली वस्तू उचलणं, बाजार उचल खाणं, सगळं पटापट करून आणलं. साक्षीदार म्हणून रोज मोंढ्यातला एक हमाल. फक्त ‘फोन घेणे’ या अर्थापुढं अप्पांची जागा कोरी. मी कधी विषय काढला नाही. त्यांचा फोन पाचनंतर क्लासमध्येच वाजायचा, तेव्हा आम्ही सगळे फळ्याकडं बघत बसायचो.

एक दिवस रिंग वाजून थांबली, अप्पा “बरी हाय” म्हणाले, आणि मग मला म्हणाले, “मॅडम, एक शंका हाय. व्याकरणाची न्हाई. एखाद्यानं मराठीत शपथ घेतली, तर ती इंग्रजीला लागू होती का?”

तेव्हा मला कळलं, हा माणूस या वयात जिना चढून का येतोय.

आधी फय्याजभाई बोलले. “माझ्या दादाजींच्या टायमाला सगळे कागद उर्दूत असायचे. ते म्हणायचे, कागज जिस जबान में, हुकूम उसी जबान में. अप्पा, माझ्या मते लागू न्हाई.”

दत्ताला पटेना. “बैलाला कुठल्याबी भाषेत शिवी द्या, त्याला कळतीच की.”

“ही बैलाची गोष्ट चालली का रे?” मंगलताई त्याच्यावर खेकसल्या. मग अप्पांकडं वळून म्हणाल्या, “पण अप्पा, खरं सांगा. शपथ तुमी देवासमोर घेतली. देवाला इंग्रजी येत नसंल का?”

अप्पांनी डोळे मिटले. “शिवा शिवा. येत नसंल अशी आशा हाय. म्हणून तर शिकायलोय!”

* * *

मग बॅचनं बाकीचा अभ्यास गुंडाळून ठेवला. सगळ्यांचं एकच काम, अप्पांना फोनवर बोलतं करायचं. त्यात नात्यातल्या कुणाकडून अप्पांच्या कानावर आलं होतं की गिरिजाला दिवस गेलेत, शेवटचा महिना आहे. अप्पांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा ते फळ्याकडं बघत होते आणि आवाज अगदी पेंडीचा भाव सांगावा तसा कोरडा ठेवला होता.

फय्याजभाईंनी दुकानातला एक बंद पडलेला मोबाइल आणला. मंगलताई गिरिजा झाल्या. दत्ता तोंडानं रिंग वाजवायचा.

“हॅलो,” मंगलताई म्हणायच्या.

“हॅलो. युवर हेल्थ, व्हॉट पोझिशन?”

“फाइन.”

“हसबंड, व्हॉट पोझिशन?”

“फाइन.”

“स्टॉक?”

मंगलताईंना हसू आवरेना. “अप्पा, लेकीला स्टॉक कोण विचारतं?”

“मग काय विचारायचं?” अप्पा म्हणाले. खरंच विचारत होते. मोंढ्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्याला जे विचारायचं होतं ते मला दिसत होतं, पण त्याचं इंग्रजी मलाही सापडेना. जेवतेस का वेळेवर, याचं इंग्रजी होतं. पण ‘जीवाला जप गं’ याचं करा बरं!

तरी आम्ही चिकाटी सोडली नाही. अप्पांची वाक्यं तयार झाली. ती पाठही झाली. फक्त खरा फोन वाजला की त्यांचा हात गुडघ्यावरून उठत नसे. रिंग थांबेपर्यंत ओठ हलत राहायचे. सगळी वाक्यं म्हणून व्हायची, मनातल्या मनात. मग, “बरी हाय.”

दत्ता वैतागून म्हणाला, “अप्पा, तोंड तयार हाय. आता हाताला क्लास लावा!”

* * *

आणि मग एक दिवस फोन वाजलाच नाही.

आम्ही म्हटलं, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अप्पा क्लासला लवकर आले. फोन बाकावर उभा करून ठेवला, विभूती नीट लावलेली, उपरणं धुतलेलं. पाच वाजले, सहा वाजले. मी त्या दिवशी काहीही शिकवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

“अप्पा, तुमीच लावा की,” मंगलताई म्हणाल्या.

“तिनं केला आन् मी उचलला, तर बोलली ती. मी केला, तर बोलायला मी गेलो. ते इंग्रजीत बी शपथ मोडणंच हाय.”

“मग मी लावते. नंबर द्या. नुसतं विचारते, कशी हायस.”

अप्पा एकदम तडकले. “दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मी काय मेलोय का?” मग अप्पाच म्हणाले, “चुकलो माय. जीव थाऱ्यावर न्हाई.” हात जोडले. मंगलताईंनी ते हात खाली धरले. मला तर त्या मेल्या शपथेचा, त्या इंग्रजीचा, सगळ्याचाच राग आला होता.

फय्याजभाईंनी अप्पांचा फोन हातात घेतला, पुसला, चार्जिंग बघितलं, आवाज बघितला, आणि परत ठेवला. ते दर थोड्या वेळानं तेच करत होते. दुसरं त्यांना काही सुचत नव्हतं.

* * *

पुढं बरेच दिवस असेच गेले. अप्पा दुकान अर्ध्यावर सोडून यायचे. मोंढ्यातले लोकही संध्याकाळी जिन्याखाली घुटमळायला लागले होते. वर यायचं कुणाला धाडस नव्हतं.

एका संध्याकाळी मी खडू हातात घेऊन उगाच फळा पुसत होते. फोन वाजला.

अप्पा बघत राहिले. ओठ हलायला लागले, हात मात्र गुडघ्यावरच. दत्ता म्हणाला, “अप्पा, उचला.” मंगलताई म्हणाल्या, “अप्पा!” रिंग वाजत वाजत संपली.

“बरी हाय,” अप्पा म्हणाले. पण आवाज फुटला.

मला रडू आलं. खरंच आलं. आणि तेवढ्यात तो परत वाजला. गिरिजानं कधीच दोनदा फोन केला नव्हता.

या वेळी अप्पांनी तो दोन्ही हातांनी उचलला. प्रसाद घ्यावा तसा. कुठलं बटण कुठं लागलं कोण जाणे, स्पीकर सुरू झाला.

पलीकडून आधी बोलणं नाही, रडणं आलं. तान्ह्या बाळाचं, टिपेचं. मागून गिरिजाचा थकलेला आवाज, तिला वाटत असणार की नेहमीसारखी रिंगच वाजतेय. “थांब गं बाई, थांब, आजोबांची रिंग होऊ दे...”

अप्पांची सगळी वाक्यं गेली. हेल्थ नाही, हसबंड नाही, पोझिशन नाही. ते ताडकन उभे राहिले आणि मोंढ्यात लिलावाला ओरडावं तसे ओरडले, “पिक अप! बेबी क्राइंग! फर्स्ट पिक अप! देन फोन!”

पलीकडचं रडणं एकदम थांबलं. बाळसुद्धा दचकलं असावं.

“अप्पा?” गिरिजा म्हणाली. “अप्पा, तुमी उचलला? अप्पा, मुलगी झालीय... दवाखान्यातच होते इतके दिवस... अप्पा, तुमी इंग्रजीत का बोलायलात?”

अप्पांनी तोंड उघडलं. इंग्रजी येईना. मी धावत जाऊन फळ्यावर वाक्य लिहायला लागले, दत्ता हातवारे करायला लागला, मंगलताई कानात काहीतरी सांगायला लागल्या. अप्पांनी आम्हाला सगळ्यांना हातानं बाजूला सारलं. थोडा विचार केला. मग एकेक शब्द वेचून म्हणाले, “पुट फोन. बेबी. इअर.”

“काय?”

“बेबी इअर! पुट!”

फोन सरकल्याचा आवाज झाला. मग बारीक, घाईघाईचा श्वास ऐकू यायला लागला. अप्पा बाकावर बसले, उपरण्यानं तोंड पुसलं, आणि आमच्यासमोर, स्वच्छ मराठीत बोलायला लागले.

“बाई गं, मी तुझा आजा. सेलूचा. तुझ्या मायशी मी बोलत नसतो, माझी शपथ हाय. म्हणून तुला सांगायलोय, नीट ऐक. तुझ्या मायला म्हणावं, गार पाण्यात हात घालू नको. कानाला रुमाल बांध म्हणावं. लहानपणापासून तिचा कान दुखतो, ती सांगत नसती कुणाला. डिंकाचे लाडू मी पाठवायलोय, सगळे तिनं खायचे, वाटत बसायचं न्हाई. तुझ्या बापालाबी चार दे म्हणावं. आन् तिला म्हणावं, ते फोन थांबला ना, तवा आजा लय...”

अप्पांनी उपरणं पुन्हा तोंडाशी नेलं.

पलीकडून हळूच गिरिजाचा आवाज आला. रडत होती की हसत होती, सांगता येणार नाही. पण ती अप्पांशी बोलली नाही. बाळाशी बोलली.

“बाळा, आजोबांना विचार. ‘माझ्या आईला माहेरी घ्यायला येणार का?’ म्हणावं.”

अप्पांनी एकदा वर बघितलं. एकदा गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग फोन तोंडाशी अगदी जवळ धरून नातीला म्हणाले,

“तुला घ्यायला येणार हाय मी. तुझ्यासंगं तुझी माय आली, तर तिला न्हाई कोण म्हणतंय?”